सरकी ओळखणारी बाई

सन २०१७ चा हंगाम. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो, आधार कार्डावर अठ्ठावन्न. शाळेत नाव घालताना मास्तरानं अंदाजानं जी तारीख लिहिली, तीच जन्मभर चालली. शाळा मात्र तीन वर्षांच्या वर चालली नाही. तिसरीत असताना मास्तरानं एकदा सगळ्यांपुढं माझी पाटी उलटी धरून हसवलं, अन् मी जो उठलो तो परत गेलोच नाही. बाप मारून मारून थकला.

वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या चौकापासून थोडं आत एक जिन होती, तिथं मी हेड फिटर होतो. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुई करायचा कारखाना. लांबलचक शेड, तिच्यात दोन्ही बाजूंनी मिळून चोवीस मशिना. प्रत्येकीत चामड्याचे दोन रोलर, त्यांना टेकलेलं पोलादी पातं. रोलर रुई ओढून घेतो, पातं सरकीला अडवतं, सरकी खाली पडते. ऐकायला एवढंच. पण पात्याचा दाब केसभर ढिला राहिला तर सरकीवर रुई तशीच राहते, अन् केसभर जास्त झाला तर सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत जातात, अन् मग रुईलाही भाव नाही, सरकीलाही नाही. हा दाब लावायचं काम माझं. सेटिंग म्हणायचे त्याला.

माझी हाजरी, म्हणजे दिवसाची मजुरी, जिनीत सगळ्यात जास्त होती. झाडणाऱ्या बाईच्या दुपटीहूनही वर. ती काऊन जास्त होती हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, कारण मला काम येते. आता नीट आठवतो तर दुसरंच दिसते. कामात हात बसून मला दहा वर्षं झाली होती, तरी शेठ पैसे वाढवत नव्हता. एका वर्षी मी सरळ हिंगणघाटच्या एका जिनीत निघून गेलो. पंधरा दिवसांत शेठची माणसं बोलवायला आली, अन् हाजरी एकदम वाढली. काम तेच, हात तेच. मी जाऊ शकतो हे शेठला दिसलं, एवढाच फरक. बायांना असं कुठं जाता येत नव्हतं. घरची भाकर टाकून, ढोरांचं करून, पायी येण्याएवढ्या अंतरावर एकच जिन होती. म्हणून गड्याची हाजरी वेगळी अन् बाईची वेगळी, अन् हे कोणाला खटकत नव्हतं. मलाही नव्हतं. खोटं कशाला लिहू.

मशिनांखाली पडलेली सरकी ओढून नालीत सारायची, सांडलेला कापूस झाडायचा, हे काम आठ बाया करायच्या. त्यांतली एक पंचेचाळिशीची होती. तिचा नवरा चौकात संत्र्याची गाडी लावायचा. ती सातवी शिकलेली होती, म्हणजे माझ्याहून चार इयत्ता पुढं, अन् वर्तमानपत्राचा जो कागद भाकरीला गुंडाळून आणायची, तो जेवता जेवता वाचून काढायची. मला ते आवडत नसे. झाडू मारणारीनं वाचत बसायचं काय काम, असं वाटायचं.

आता माझ्या कानांचं सांगतो. सेटिंग मी कानानं करायचो. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक मशिनीला लावायचं अन् मूठ कानाला. पातं नीट असलं तर आवाज कोरडा येतो, ढिलं असलं तर ओला. शिकवून येत नाही हे. पण तीस-पस्तीस वर्षं त्या गोंगाटात काढली, अन् कान हळूहळू गेले. घरी टीव्ही मोठा लागू लागला, लग्नात लोक बोलले तर मी नुसती मान हलवायचो. जिनीत मात्र कोणाला कळलं नाही. तिथं मशिना चालू झाल्या की चांगल्या कानाच्या माणसालाही काही ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातानंच बोलतात. बोटं दाखवली की मशिनीचा नंबर, मूठ आवळली की घट्ट, पंजा पसरला की ढिलं, अंगठा ओठाला लावला की चहा. हातवाऱ्यांत शिव्यासुद्धा होत्या, अन् त्यांत त्या आठ बायांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. बहिऱ्या माणसाला लपायला त्याहून चांगली जागा नाही.

सतराच्या दोन हंगाम आधीची गोष्ट. सात नंबरच्या मशिनीला मी पेचकस लावून उभा होतो. काही ऐकू येईना. दुसऱ्या कानाला लावला. पुन्हा पहिल्या. ती बाई खाली सरकी ओढत होती, तिनं ते पाहिलं. ती उठली, मशिनीखालची मूठभर सरकी उचलली, माझा हात ओढून पंजावर ओतली. वर पाहून पंजा पसरला. ढिलं.

मला भयंकर राग आला. मी सरकी फेकून दिली अन् तिला हातानं जे सांगितलं ते इथं लिहीत नाही. ती हसली अन् पुढच्या मशिनीखाली गेली. ती दूर गेल्यावर मी पाना घेतला अन् नट पाव फेरा आवळला. मशिनीखाली सरकी पडू लागली ती काळी, स्वच्छ, जशी पाहिजे तशी.

तिथून सुरू झालं. आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नाही. ती झाडत झाडत रांगेनं जायची, प्रत्येक मशिनीखालची सरकी चिमटीत घेऊन अंगठ्यानं चोळायची, अन् मला दुरून बोटं दाखवायची. अकरा, मूठ. चार, पंजा. मी जाऊन पाना फिरवायचो. तिची चूक झालेली मी पाहिली नाही. दुपारी चामडं तापलं की मशीन कशी बिघडणार हेही ती सकाळच्या सरकीवरून सांगायची. मी कानानं जे ओळखायचो ते बिघडल्यावर, ही बिघडायच्या आधी ओळखायची. पुढच्या हंगामात पानाही तिच्याच हातात आला. मी शेडच्या एका टोकाला असलो की दुसऱ्या टोकाच्या मशिना ती एकटीच लावून मोकळी व्हायची. मोठा नट तेवढा तिला हलत नव्हता, त्याला मी जायचो. हाजरी मात्र तिची झाडूची, अन् माझी हेड फिटरची. शेठ लोकांना सांगायचा, माझ्या मिस्त्रीसारखा कान अख्ख्या जिल्ह्यात नाही. मी ऐकून घ्यायचो.

त्या सतराच्या हंगामात कामगार खात्याचे एक साहेब तपासणीला आले. ते गेल्यावर शेठनं फाटकाजवळ पत्र्याचा फलक लावला. किमान वेतनाचा. कुशल, अर्धकुशल, अकुशल, अशा तीन ओळी अन् पुढं दर. बाया घोळका करून उभ्या राहिल्या अन् या बाईनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. मग म्हणाली, "यात बाईचा खाना नाई. गड्याचाही नाई. फक्त काम लिहून हाये."

साहेबांच्या धाकानं शेठनं त्या महिन्यापासून बायांची हाजरी अकुशलच्या ओळीएवढी केली. पोती उचलणाऱ्या गड्यांएवढीच. गडी दोन दिवस कुरकुरले, त्यांचे पैसे काही कमी झाले नव्हते तरी. बाया खूश झाल्या, एकीनं पोहे करून आणले. मला वाटलं, झालं, मिटलं. पण साहेब आले त्या दिवशी या बाईनं त्यांना एक प्रश्न विचारून ठेवला होता, कुशल म्हणजे कोण. ते म्हणाले होते, ज्याला कामाचं ज्ञान आहे अन् जो कोणी न सांगता स्वतःच्या डोक्यानं करतो, तो. तिनं विचारलं, त्याले कागद लागते काय. ते म्हणाले, काम यायला पाहिजे, अनुभवानं येवो की शिकून.

ती शेठच्या खोलीत गेली अन् म्हणाली, मले कुशलमध्ये लिहा, सेटिंग मी करते. शेठनं मला बोलावणं पाठवलं. खोलीत शेठ होता, ती होती, अन् दाराशी आमचा दुसरा फिटर उभा होता. हा तिशीतला, आयटीआय केलेला, कागदावर आलेला माणूस. तो लागला तेव्हाच त्याची हाजरी माझ्या वीस वर्षांनंतरच्या हाजरीएवढी होती, अन् त्याबद्दल मी त्याला कधी माफ केलं नव्हतं.

शेठ म्हणाला, "मिस्त्री, ही बाई म्हणते मशिना हीच लावते. सही है क्या?"

मी हो म्हणालो असतो तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, मग तू काय करतोस. अन् तोही त्या कागदवाल्यापुढं. मी म्हणालो, "झाडता झाडता कधीमधी दाखवते, शेठ. सेटिंग माझीच हाये."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं भांडेल. ती फक्त "बरं" म्हणाली अन् झाडू घेऊन शेडमध्ये गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं झाडू दोन्ही हातांनी धरला. एवढंच केलं. जिनीत ज्याचे दोन्ही हात गुंतले तो मुका. सरकी ओढायची ती पहिल्यासारखीच, काम तसूभर कमी नाही, उलट शेड आरशासारखी झाडलेली. पण सरकी चिमटीत घ्यायची नाही, बोटं दाखवायची नाहीत. मी समोर गेलो तर सरळ पाहायची अन् झाडत राहायची. तिला अकुशल लिहिलं होतं, ती अकुशल काम करत होती. कोणाला नाव ठेवायला जागा नव्हती.

मीही हट्टाचा. म्हटलं, सरकी पाहायची ना, मी पाहतो. तिच्यासारखी चिमटीत घेऊन चोळली. पण तीस वर्षं पाना धरून माझ्या बोटांची कातडी बैलाच्या खुरासारखी झालेली. रुई राहिली की गेली, काही लागेना. डोळ्याजवळ धरली तर सगळी सरकी सारखीच दिसे. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ती नुसती हुशार नव्हती. ते काम होतं, वर्षानुवर्षं खाली बसून शिकलेलं, अन् मला ते येत नव्हतं. कागदवाला फिटर मदतीला आला. त्यानं मापाच्या पातळ पट्ट्या घालून सगळ्या मशिना मोजल्या, एक एक अंतर पुस्तकाप्रमाणे लावलं. त्याचं शिक्षण वाया गेलं म्हणणार नाही, सकाळी अकरापर्यंत मशिना सुंदर चालल्या. मग चामडं तापलं अन् पुन्हा तेच. तो मला म्हणाला, "काका, माप बरोबर हाये. पण माप थंड मशिनीचं हाये." एवढं कबूल करायला छाती लागते. तो मला त्या दिवसापासून आवडू लागला.

चौथ्या दिवशी तेलाच्या कारखान्यानं आमच्या सरकीची गाडी त्यांच्या फाटकातूनच परत पाठवली, अर्धी फुटलेली म्हणून. शेठ शेडमध्ये येऊन मला बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण तोंडाकडं पाहून समजलं, अन् बाकीच्यांनाही समजलं. ती तिथंच झाडत होती. तिच्या तोंडावर हसू आलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं मान खाली घातली, जसं काही तिचीच गाडी परत आली.

घरी आलो, जेवलो नाही. बायकोनं दोनदा विचारलं असेल, तिसऱ्यांदा समोर येऊन बसली. मी सगळं सांगितलं. माझ्या कानांचं तिला केव्हाचंच ठाऊक होतं, बाईचं ठाऊक नव्हतं. तिनं ऐकून घेतलं अन् ताट पुढं सरकवत म्हणाली, "कान गेले तं गेले. तोंड तं शाबूत हाये ना तुमचं?"

सकाळी मी शेठच्या खोलीत गेलो अन् म्हणालो, त्या दिवशी जे जे इथं होते त्या सगळ्यांना बोलवा. शेठ म्हणाला, आधी काय ते सांग. मी म्हणालो, ज्यांच्यापुढं खोटं बोललो त्यांच्यापुढंच बोलीन, नाहीतर बोलणार नाही. खरं सांगायला गेलो तिथंही माझी अकड गेली नव्हती. फिटर आला, बाई आली, झाडू हातात तसाच.

"शेठ, मले दोन वर्सांपासून ऐकू येत नाई," मी म्हणालो. "तेव्हापासून चोवीसच्या चोवीस मशिना या बाईच्या हातावर चालून राह्यल्या. मी नट आवळतो. सेटिंग तिची."

शेठ काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही. मग शेठ माझ्याकडं पाहून मोठ्यानं, सावकाश म्हणाला, दोन वर्षं मला फसवलं, आता तुझं काय करू सांग. मी म्हणालो, माझं नंतर करा, आधी हिचं करा. व्यापारी माणूस, त्यानं लगेच मधला भाव काढला. बाईला म्हणाला, अर्धकुशलमध्ये लिहितो, खूश?

"अर्धं काऊन?" ती म्हणाली. "मी अर्धी मशीन लावून सोडून देते काय, शेठ? कोणतं अर्धं राह्यते ते दाखवा."

शेठ हसला. तिथंच मला वाटलं, जिंकली. पण तो एवढ्यानं मानणारा नव्हता. त्यानं फिटरला सांगितलं, पाच मशिना मुद्दाम बिघडव, कोणत्या ते कोणाला सांगू नको. मला फाटकाबाहेर बसवलं, म्हणजे मी हातानं काही खुणावू नये. आमचं बोलणं कोणत्या दिशेनं चालायचं हे त्याला अजून नीट कळलं नव्हतं.

मी फाटकाबाहेर बैलगाडीच्या जुवावर बसून होतो. आत काय झालं ते फिटरनं मला नंतर सांगितलं, अन् सांगताना तोही हातांनीच खुणा करत होता. बाईनं झाडू भिंतीला टेकवला. चपला काढल्या. एका टोकापासून निघाली, प्रत्येक मशिनीखाली बसून सरकी चोळली, कुठं थांबली नाही, परत फिरली नाही. चोवीस पाहून झाल्यावर पाना मागितला. यानं बिघडवलेल्या पाचही तिनं काढल्या, अन् वर सहावी सांगितली. शेठ म्हणाला, चुकली. फिटर म्हणाला, शेठ, सहावी मी बिघडवली नाही, पण पाहू द्या. पाहिली तर तिचं पातं एका बाजूनं झिजलेलं होतं. माझ्याही नजरेतून सुटलं होतं, त्याच्याही पट्ट्यांतून. दुपारपर्यंत सहाही मशिना तिनं लावल्या. मोठा नट आला तिथं फिटरनं हात लावला, तिनं सांगितलं तेवढाच. शेठनं स्वतः वाकून सरकी उचलली, उन्हात नेऊन पाहिली.

तिचं नाव त्या दिवशी कुशलच्या ओळीत गेलं. आमच्या भागातल्या जिनीत कुशलमध्ये लिहिलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. शेठला चांगलं म्हणायचं तर एवढंच, की एकदा पाहिल्यावर त्यानं घासाघीस केली नाही.

मग मला आत बोलावलं. शेठ म्हणाला, आता फिटर तीन झाले, मला तीन कशाला पाहिजेत. मी ते धरूनच गेलतो. मी म्हणालो, महिना संपला की जातो. तेव्हा ती बोलली, मला ऐकू यावं म्हणून की काय, चांगलं मोठ्यानं.

"मिस्त्री राहू द्या. मले नट हालत नाई, अन् त्याइले पातं घासता येते तसं कोणाले येत नाई. त्याइचं नाव खोडून माह्यं लिहा म्हटलं नवतं मी."

मी चार दिवसांआधी त्याच खोलीत, त्याच जागी उभं राहून तिचं नाव खाल्लं होतं. ती माझं नाव खाऊ शकत होती, हक्कानं, अन् खरं बोलूनच. मी लय कामगार पाहिले. ताकदीचे पाहिले, डोक्याचे पाहिले. पण आपलं पूर्ण मागून दुसऱ्याचं जराही न घेणारं माणूस मी ते एकच पाहिलं. कोणी माझी बाजू घेतली की मला राग येतो, तसाच तेव्हाही आला. मी बाहेर येऊन मशिना पुसत बसलो.

सुट्टी झाली. मशिना बंद होऊन शेड शांत झाली की मी नेहमी लवकर सटकायचो, कारण शांततेत लोक बोलायला लागतात. त्या दिवशी ती फाटकाजवळ उभी होती. पुढच्या हंगामापासून त्या जिनीत दोन नव्या बाया तिच्या हाताखाली सरकी पाहायला शिकल्या, अन् त्यांची नावं अर्धकुशलमध्ये लागली, ही पुढची गोष्ट. त्या संध्याकाळी ती माझ्या कानाजवळ आली अन् म्हणाली, "उद्या जिन बंद हाये, मिस्त्री. आता लपवाचं काही राह्यलं नाई, तं कान दाखवून या."

मी म्हणालो, तू माझी डॉक्टरीण होय काय. ती म्हणाली, नाई, कुशल कामगार. अन् निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जामच्या चौकातून बस धरली, वर्ध्याला उतरलो, तिथून सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो अन् लाइनीत लागलो. खिडकीत बसलेल्या पोरीनं काहीतरी विचारलं. मी सवयीप्रमाणे मान हलवली. तिनं पुन्हा विचारलं. मागचे लोक पाहायला लागले. मी खिडकीला तोंड लावून म्हणालो, "बाई, जरा जोरानं बोल. मले ऐकू येत नाई."